धुराची अट

रोज सकाळी उजाडलं की एनॉस विदर्बी घरामागच्या खोडावर चढायचा आणि गावातले धूर मोजायचा. खोड तोडलेल्या देवदाराचं होतं, पण रुंदी एवढी की वर चार माणसं पंगत मांडून जेवली असती. चढायला कुऱ्हाडीनं पायऱ्या पाडल्या होत्या. वरून सगळं विदर्बी गाव नजरेत यायचं: खाडी, लाकूड कापायची गिरणी, उतारावरून गेलेला एकुलता एक धड रस्ता, आणि घराघरांवरच्या धूर सोडणाऱ्या चिमण्या. हवेत बोट नाचवत तो मोजायचा, खाली यायचा आणि न्याहारीला बसता बसता आकडा सांगायचा.

"साठ."

त्याची बायको थर्झा मक्याच्या भाकरीचा तुकडा त्याच्या ताटलीत टाकायची आणि म्हणायची, "बरं."

या धुरामागं एक कलम होतं, आणि ते एनॉसच्या सुपीक डोक्यातून निघालेलं होतं. वीस वर्षांपूर्वी त्यानं या जंगलात खुंट्या ठोकून गाव आखलं, तेव्हा त्याला एक भीती होती. लांबच्या शहरांतले शेठ भूखंड घेऊन ठेवतील, भाव चढायची वाट बघत बसतील आणि इथं रस्त्यांच्या नावांच्या पाट्यांवर कावळे बसतील. म्हणून त्यानं भूखंड देताना छापील कागदातच अट घातली. घेणाऱ्यानं घर बांधायचं आणि चूल पेटती ठेवायची. सलग तीस दिवस चिमणीतून धूर दिसला नाही, तर भूखंड एनॉस विदर्बीकडे परत. लोक याला धुराची अट म्हणत. मासेमारीला जाणारा गडी शेजारणीला सांगून जाई, "माझ्या चुलीत दोन ढलप्या टाकत जा, बाई, नाहीतर म्हातारा घर गिळेल." एका ब्रह्मचाऱ्यानं तर ओल्या गवताचा ढीग चुलीत कोंबून आठवडाभर शेजारपाजाऱ्यांना डोळे चोळायला लावलं होतं. आसपासच्या गावांत विदर्बीच्या माणसाला 'धुरकट' म्हणत, आणि विदर्बीची माणसं ते नाव थोड्या अभिमानानं मिरवत.

एनॉसनं आयुष्यात गावं वसवली ती अशीच. ओहायोत एक, इंडियानात एक, इलिनॉयमध्ये एक, आयोवात एक. नऊ वर्षांत चार. आणि चारही अर्धी टाकून तो पुढं निघाला होता. गावात चर्चची घंटा बसली, दुसरं दुकान आलं, बायका पडद्यांच्या कापडावरून भांडायला लागल्या की त्याच्या पायाला भिंगरी लागायची. मग तो उरलेली जमीन विकून टाकायचा आणि गाडीला बैल जोडायचा. थर्झा सफरचंदाच्या कलमांच्या काड्या बटाट्यात खोचून घ्यायची, म्हणजे वाटेत सुकत नाहीत. चारही ठिकाणी तिनं झाडं लावली, आणि चारही ठिकाणची सफरचंदं दुसऱ्यांनी खाल्ली. या पाचव्या ठिकाणी तो वीस वर्षं टिकला याचं श्रेय लोक वयाला देत. खरं कारण एवढंच होतं की पुढं समुद्र होता.

तरी बसणं त्याला ठाऊक नव्हतं. जेवताना त्याचा एक पाय टेबलाखाली चालत असायचा. चर्चमध्ये तो मागच्या बाकावर दाराशी बसायचा आणि प्रवचनात तीनदा बाहेर जाऊन यायचा. गोरे यायच्या आधीपासून खाडीकाठी राहणाऱ्या जुन्या लोकांतली अगाथा नावाची म्हातारी टोपलीत शिंपल्या घेऊन दारावर यायची. तिनं त्याचं नाव 'कल्टस' ठेवलं होतं. या किनाऱ्यावर गोरे, जुने लोक, खलाशी सगळेच जी मोडकीतोडकी बोली बोलत, तिच्यात कल्टस म्हणजे उगाच, रिकामं, बिनकामाचं. "कल्टस कुठं चालला?" ती विचारायची. थर्झा म्हणायची, "त्यालाच माहीत नाही, तर मला कुठून असणार?" आणि दोघी हसायच्या.

आता जमिनीची गोष्ट सांगायला हवी, कारण सगळं तिथंच येऊन अडलं. सरकारचा कायदा असा होता की इथं येऊन राहणाऱ्या नवराबायकोला मिळून तीनशेवीस एकर जमीन फुकट. ती कुणाकडून घेऊन फुकट, ते कायद्यात लिहिलेलं नव्हतं. अगाथाच्या लोकांनी ते विचारलं होतं, पण उत्तर द्यायला कुणी थांबलं नव्हतं. कायद्यात दुसरी एक गोष्ट मात्र स्पष्ट होती. निम्मी जमीन नवऱ्याच्या नावावर आणि निम्मी बायकोच्या. तिची ती तिची.

कुठली निम्मी कुणाची, हे अर्थात एनॉसनं ठरवलं. दक्षिणेकडची सपाट, झऱ्याची, उन्हाची जमीन त्यानं स्वतःकडे ठेवली. उत्तरेकडची दलदल, खारी गवतं आणि ओहोटीला मैलभर उघडा पडणारा चिखल थर्झाच्या नावावर केला. "तुला समुद्र आवडतो ना," तो म्हणाला होता. थर्झानं त्या चिखलाकडे बघितलं, मग त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "बरं." घर मात्र त्यानं बरोबर हद्दीच्या रेषेवर बांधलं, दोन्ही बाजूंना राहतोय असं दिसावं म्हणून. पलंग त्याच्या जमिनीत आला आणि चूल तिच्या. "माझी बायको स्वतःच्या मुलखात स्वयंपाक करते आणि झोपायला परदेशी येते," हा विनोद त्यानं वीस वर्षं प्रत्येक पाहुण्याला ऐकवला होता.

आणि मग अठराशे त्र्याहत्तरच्या वसंतात रेल्वे कंपनीचा माणूस आला. लोहमार्गाचं शेवटचं स्टेशन या किनाऱ्यावर कुठंतरी होणार होतं, आणि जिथं होईल ते गाव शहर होणार, बाकीची गावं मासे वाळवत बसणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. मिस्टर डनिंग हा पोटाच्या विकारानं गांजलेला, फक्त बिस्किटं खाणारा गृहस्थ. कंपनीच्या वाफेच्या नावेतून तो गावोगाव फिरत होता. त्यानं एनॉसची सुंदर सपाट जमीन बघितली आणि जांभई दिली. मग तो दलदलीच्या कडेला जाऊन उभा राहिला. चिखलापलीकडं पाणी एकदम खोल होतं. एवढ्या खोल पाण्याला एवढी रुंद, सखल जमीन लागून असलेली त्याला दुसरीकडं फक्त सँडी पॉइंटला मिळाली होती.

"ही जमीन कंपनीला द्या," डनिंग म्हणाला. "स्टेशन इथं. नाहीतर सँडी पॉइंट."

"दिली," एनॉस म्हणाला.

"कागद बघितलेत मी. ती तुमच्या बाईंची आहे."

"एकच झालं."

"कायद्याला नाही झालं. बाई अडचण करणार नाहीत ना?"

एनॉस मनापासून हसला. "एकोणतीस वर्षांचा संसार आहे, साहेब. तिच्या तोंडून 'बरं' सोडून दुसरा शब्द ऐकला असेल तर शपथ."

मंगळवारी सकाळी कागद करायचा ठरला. दुपारी बाराच्या ओहोटीबरोबर डनिंगची नाव सुटणार होती, आणि कागद हातात नसेल तर ती थेट सँडी पॉइंटला जाणार होती. एनॉस पहाटेपासून उठून बसला होता. खरं तर बसला नव्हताच. खोडावर दोनदा चढून आला, दोनदा साठच मोजले. स्टेशन झालं की त्याच्या दक्षिणेकडच्या उरलेल्या जमिनीचं सोनं होणार, हे सगळ्या गावाला कळत होतं. त्या सोन्याचं तो काय करणार, हे फक्त त्याला माहीत होतं. निदान त्याची तशी समजूत होती. रेल्वे इथं येणार म्हणजे ती इथून परतही जाणार. पूर्वेला डोंगरांपलीकडं एका नदीचे मोठे धबधबे होते, तिथं अजून एकही खुंटी ठोकलेली नव्हती. त्याचा नकाशा एनॉसनं स्वतःच्या हातानं काढला होता आणि कोटाच्या अस्तरात घडी करून ठेवला होता. चौपन्नाव्या वर्षी त्याला विशीसारखी हुरहूर लागली होती, आणि त्याची त्याला थोडी लाज आणि पुष्कळ मौज वाटत होती.

थर्झानं चांगली टोपी घातली, हातमोजे चढवले. "चला, मिस्टर विदर्बी," ती म्हणाली.

चारचौघांत सगळ्याच बायका नवऱ्याला असं आडनावानं हाक मारत. पण ते दोघं अजून स्वतःच्या स्वयंपाकघरात होते. एनॉसला ते थोडं खटकलं, पण विचार करायला त्याचे पाय थांबले नाहीत.

गावचा नोटरी म्हणजे अ‍ॅबनर कॉर्बेट. तो खिळे विकायचा, पिठाची पोती विकायचा, शवपेट्या करायचा आणि उरलेल्या वेळात कायदा चालवायचा. बायकोच्या नावची जमीन द्यायची तर तिची नुसती सही पुरत नसे. नोटरीनं तिला नवऱ्यापासून वेगळं बंद दारामागं बसवायचं, कागद वाचून दाखवायचा आणि विचारायचं की सही नवऱ्याच्या धाकानं करतेस की राजीखुशीनं. कॉर्बेटनं हे आजवर तीसएक बायकांना विचारलं होतं. दुकानामागच्या पोत्यांच्या खोलीत जायचं, "राजीखुशी?", "हो", की बाहेर. चहा गाळायला याहून जास्त वेळ लागतो.

थर्झा आत गेली. दार लागलं.

दुकानात बऱ्यापैकी गर्दी होती. शहर होण्याचा मुहूर्त चुकवायला कुणी तयार नव्हतं. गिरणीचा मुकादम लार्स खिळ्यांच्या पिंपावर पाय हलवत बसला होता. एनॉस दारापासून खिडकीपर्यंत गेला, खिडकीपासून दारापर्यंत आला. चहा गाळून झाला असता. पिऊन झाला असता. कप धुऊन झाला असता.

"आत काय चाललंय?" एनॉस म्हणाला.

"कॉर्बेट तिला शवपेटी विकत असेल," लार्स म्हणाला. "तुझ्या मापाची."

एनॉस दाराजवळ कान नेऊन उभा राहिला. आत कॉर्बेटचा आवाज काहीतरी विचारत होता. मग थर्झाचा हलका आवाज. मग पुन्हा तोच आवाज, तेच विचारत. तो धक्क्यावर धावत गेला आणि डनिंगला म्हणाला, "झालंच." डनिंग बिस्किट कुरतडत घड्याळाकडे बघत होता. एनॉस धावत परत आला. झालं नव्हतं. अर्धा तास गेला, नावेनं पहिली शिट्टी दिली. एनॉसला घाम फुटला, आणि घामाहून वाईट म्हणजे त्याला पहिल्यांदाच शंका आली की या बाईला आपण ओळखत नाही.

दार उघडलं. कॉर्बेट बाहेर आला तेव्हा तो एखाद्या मास्तरनं फळ्याजवळ बोलावलेल्या पोरासारखा दिसत होता. "एनॉस, बाईंनी बोलावलंय. उंबऱ्यापर्यंतच. आत यायचं नाही, अजून चौकशी चालू आहे."

थर्झा पिठाच्या पोत्यावर ताठ बसली होती. टोपी तशीच डोक्यावर. मांडीवर एक कागद उलगडलेला. कुठला, ते एनॉसनं लांबूनच ओळखलं आणि त्याचा हात आपोआप कोटाच्या अस्तराकडं गेला. अस्तर रिकामं होतं.

"बटण लावायला घेतला होता कोट," थर्झा म्हणाली. "गेल्या आठवड्यात."

"थर्झा, नाव सुटेल."

"सुटेल किंवा नाही सुटणार. ते आता तुझ्यावर आहे." तिनं हातमोजे काढून बाजूला ठेवले. "कॉर्बेटनं मला विचारलं, राजीखुशीनं का. मी म्हटलं, पुन्हा विचारा. त्यानं पुन्हा विचारलं. मी म्हटलं, आणखी एकदा. बिचारा घाबरला. एनॉस, मी पन्नास वर्षांची झाले. मला एकटीला बसवून, दार लावून, तुला काय हवंय असं आजवर कुणी विचारलं नव्हतं. आईनं नाही, तू नाही, पाद्र्यानंही नाही. मग मी जरा बसून घेतलं."

एनॉस काही बोलणार होता. तिनं नकाशावर बोट ठेवलं.

"हा काय लिहिलाय? थर्झा रस्ता. प्रत्येक गावात एक असतो. ओहायोत आहे, इंडियानात आहे, इलिनॉय, आयोवा. चार गावांत माझ्या नावाचे रस्ते आहेत आणि एकावरही मी चाललेली नाही. रस्ता होईपर्यंत आपण तिथं असतोच कुठं? इथला तर दलदलीतून जातो, वीस वर्षं नुसत्या खुंट्या. आणि तू पुढचा आखून मोकळा."

"तुझ्या मानासाठीच की—"

"आयोवात लिडियाला ठेवून आलो." ती हे अगदी साध्या आवाजात म्हणाली. लिडिया त्यांची लेक, तीन वर्षांची होऊन गेली होती. "तू म्हणालास, वसंतात येऊन तिच्या कबरीवर दगड बसवू. बैल जोडलेले होते आणि तू म्हणालास, वसंतात येऊ. किती वसंत झाले?"

एनॉसला आकडा माहीत होता. मोजणं हे त्याचं कामच होतं, पण हा आकडा त्यानं कधी तोंडातून बाहेर काढला नव्हता. त्याला रडू आलं नाही. पण त्याचे पाय, कित्येक वर्षांत पहिल्यांदा, हलायचे थांबले. दुकानात लार्सनंसुद्धा पाय हलवायचं बंद केलं होतं, कारण दार उघडंच होतं.

थर्झानं दुसरा कागद पुढं केला. "हा तुझाच छापील कागद. कॉर्बेटच्या खणात गठ्ठाच आहे. वाच."

त्याला वाचायची गरज नव्हती. शब्द त्याचेच होते. दक्षिणेकडची सगळी जमीन, एनॉस विदर्बीची. त्याच्या घराच्या चिमणीतून सलग तीस दिवस धूर दिसला नाही, तर सदर जमीन परत जाईल. आणि कुणाकडं, हे सांगणारं 'एनॉस विदर्बी' जिथं छापलेलं होतं, तिथं कॉर्बेटच्या गोल अक्षरात 'मिसेस थर्झा विदर्बी' भरलं होतं. खाली एक ओळ हातानं घातली होती.

"चूल पेटवणारा स्वतः एनॉस विदर्बी असावा," थर्झानं ती मोठ्यानं वाचली. "शेजारणीला सांगून जाता यायचं नाही. या गावातल्या सगळ्या पळवाटा मला पाठ आहेत. तू इथं सही कर, मी तिथं करते. आणि डनिंगना सांग, ओहोटीचा चिखल त्या कागदात नाही, मी रेघ मारलीय. तिथं अगाथाची माणसं शिंपल्या खणतात. धक्का काय, वरून खांबांवर नेता येईल."

"हा धाक आहे," एनॉस म्हणाला. तो कॉर्बेटकडे वळला. "अ‍ॅबनर, तूच सांग. हा सरळसरळ धाक आहे की नाही?"

कॉर्बेटनं चष्मा पुसला. "बायकोला नवऱ्याचा धाक आहे का, एवढंच कायदा विचारायला सांगतो. उलट विचारायचं कलम नाही."

दुकानात कुणीतरी फसकन हसलं. नावेची दुसरी शिट्टी झाली.

"कायदा नसेल विचारत," थर्झा म्हणाली. "मी विचारते. अ‍ॅबनर, बाहेर जा आणि दार लाव. एनॉस, आत ये. बस."

पोत्यांच्या त्या अंधाऱ्या, गव्हाच्या वासाच्या खोलीत तो तिच्यासमोर बसला. बूड टेकवायला त्याला शेजारचं पोतं दोनदा दाबून बघावं लागलं.

"राजीखुशीनं?" थर्झानं विचारलं.

त्यानं तोंड उघडलं. थाप तयार होती, नेहमीसारखी. गावं थापांवरच वसतात, आणि त्यात त्याचा हात कुणी धरला नसता. पण तिनं विचारलंच अशा रीतीनं होतं की थाप बाहेर पडेना.

"मला माहीत नाही," तो म्हणाला. "मला बसवत नाही, थर्झा. काही केलं तरी बसवत नाही. बसलो की वाटतं, तेही येऊन शेजारी बसेल."

"काय?"

"मरण. लिडियाजवळ बसलो होतो ना मी. तीन दिवस बसलो होतो. उठलो नव्हतो."

हे त्यानं तिला सांगितलेलं नव्हतं. त्यानं ते स्वतःलाही सांगितलेलं नसावं. तिनं हात पुढं करून त्याच्या गुडघ्यावर ठेवला, जो पुन्हा हलायला लागला होता.

"मीही बसले होते," ती म्हणाली. "तुझ्याच शेजारी. ते यायचं तिथं येतंच, एनॉस. इथं आलं तर निदान पेटी उचलायला ओळखीची माणसं असतील. आणि अ‍ॅबनर माप घ्यायला."

तो हसला. त्याला हसायचं नव्हतं, तरी हसला.

"आणि पाय हलवायचे असतील तर हलव की," ती म्हणाली. "खोडावर चढ, गिरणीत जा, खाडीला फेऱ्या मार. पण संध्याकाळी घरी. मला इथं लावलेल्या झाडांची सफरचंदं अजून वीस वर्षं खायचीयत, आणि सालं काढता काढता बोलायला समोर माणूस हवा."

तिसऱ्या शिट्टीच्या आधी कॉर्बेटनं दोन्ही कागदांवर शिक्के मारले. एनॉसनं सही करताना टाक असा दाबला की निब वाकली. डनिंगनं चिखलाच्या रेघेवरून नाक मुरडलं, कंपनीचं उत्तर महिन्याभरात येईल म्हणाला आणि बिस्किटाचा डबा काखोटीला मारून नावेत चढला. लोकांनी टोप्या उडवल्या. धक्क्यावर अगाथा टोपलीजवळ बसली होती. तिनं एनॉसला विचारलं, "कल्टस कुठं चालला?"

"घरी," एनॉस म्हणाला. म्हातारीनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. तिचा विश्वास बसला नव्हता, आणि त्याचाही पुरता बसला नव्हता.

नकाशा थर्झानं फाडला नाही. तो तिनं चुलीशेजारी, सरपणाच्या पेटीवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी तो सवयीनं उजाडता उठला आणि दाराकडं निघाला. पलंगावरून आवाज आला. "मिस्टर विदर्बी, आधी चूल."

एकोणतीस वर्षांत त्यानं चूल पेटवलेली नव्हती. वाटेत रानात शेकोट्या हजार पेटवल्या असतील, पण घरातली चूल नाही. धुराची झडप कुठल्या बाजूला फिरते तेच त्याला कळेना. लाकडं ओली होती. तो गुडघ्यांवर बसून फुंकत होता, खोकत होता, आणि डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या. त्या नक्की कशाच्या, हे त्याला कुणी विचारलं नाही. थर्झा पलंगावर उशीला टेकून मजा बघत होती. हद्दीच्या पलीकडून.

"ढलप्या आधी," ती म्हणाली. "आणि कागद."

कागद हाताशी एकच होता. त्यानं तो उलगडला. धबधबे, चौक, शाळेची जागा, थर्झा रस्ता. त्यानं तो थोडा वेळ हातात धरला, आणि त्या थोड्या वेळात त्याचे पाय पुन्हा एकदा चाळवले. याबद्दल खोटं बोलण्यात अर्थ नाही. मग त्यानं त्याचा बोळा केला आणि ढलप्यांखाली सारला.

चूल धरली. लोखंड टकटक करत तापायला लागलं. तो हात विजारीला पुसत बाहेर गेला, खोडाच्या पायऱ्या चढला आणि बोट वर केलं. खाडीवर धुकं होतं, तरी चिमण्या दिसत होत्या. त्यानं गिरणीपासून सुरुवात केली आणि उतारानं वर येत येत मोजत राहिला. सगळे झाल्यावर तो खाली उतरायला वळला, आणि वळता वळता थांबला. अगदी पायांशी, त्याच्याच छपरातून, काळा, जाडजूड, नवशिक्याच्या हातचा धूर निघत होता. वीस वर्षं तो याच छपरावरून नजर टाकून पलीकडचं मोजत आला होता. त्यानं बोट पुन्हा वर केलं.

आत आल्यावर तो टेबलाशी बसला. थर्झानं मक्याची भाकरी त्याच्या ताटलीत टाकली.

"एकसष्ट," तो म्हणाला.

"बरं," थर्झा म्हणाली.